चप्पल चावायची थांबली तेव्हा

"डोळे मिटून घ्या. पायाला काही लागलं की 'हो' म्हणा," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटले. महाडच्या दवाखान्यात तपासायच्या टेबलावर पाय लांब करून बसले होते. बाहेरच्या बाकांवर कुणाचं तरी मूल रडत होतं. मी वाट बघत राहिले. डॉक्टरांनी सुरुवात केली की 'हो' म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं. बराच वेळ गेला. मला वाटलं, त्यांना फोन आला असेल.

"उघडा डोळे. झालं."

"काय झालं?"

"दहा ठिकाणी टेकवून बघितलं. तुम्ही एकदाही हो म्हणाला नाहीत."

त्यांच्या हातात नायलॉनचा एक जाडसर तंतू होता, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. तो तळव्याला टेकवला की चांगल्या पायाला लगेच कळतं. मला काहीच कळलं नव्हतं.

"याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात," ते म्हणाले. "रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. मग लागलेलं, भाजलेलं, टोचलेलं काही कळत नाही." त्यांनी माझा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट दाखवलं. दोन्ही टोकाला काळी पडली होती. "हे गँगरीन आहे. म्हणजे एवढा भाग मेलाय. तुम्ही इतके दिवस काय करत होतात?"

"मला वाटलं चप्पल चावली. मी मलम लावत होते."

"सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

त्यांनी कागद पुढे ओढला. मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "कुणाला तरी बोलवून घ्या. बोटं काढावी लागतील."

माझं नाव सुनंदा. वय चोपन्न. महाडला एका गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीतच मी राहते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. मालक एका कारखान्यात होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. माहेर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत. तिथे धाकटा भाऊ दत्ताराम आणि त्याची बायको सुरेखा म्हशी आणि भातशेती सांभाळतात. त्यांचा मुलगा मुंबईला असतो. माझी माणसं एवढीच.

हे सगळं लिहायचं कारण असं, की माझ्यासारखे पाय असलेली माणसं आजूबाजूला पुष्कळ असतील आणि त्यांना ते ठाऊक नसेल. मलाही नव्हतं.

साखर निघून सहा वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, पण संपल्या की आठ-आठ दिवस आणायच्या राहायच्या. आधी तळव्यांना मुंग्या यायच्या. दिवसभर मशीनचा पायटा मारते म्हणून येत असतील, असं मी धरून चालले. मग मुंग्या कमी झाल्या. मी म्हटलं, बरं झालं. त्याच सुमाराला नवीन चपला घेतल्या होत्या. माझ्या पायाला नवीन चप्पल आठवडाभर तरी चावल्याशिवाय राहायची नाही, लहानपणापासूनचं आहे ते. ही चप्पल एक दिवसही चावली नाही. मी दुकानात आलेल्या बायकांना कौतुकानं दाखवली होती.

मुंग्या अधूनमधून यायच्या त्या पुरत्या जाव्यात म्हणून एका रविवारी मी जवळच्या सव गावी गेले. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत, महाडची माणसं पाय दुखले की जातात. मी काठावर बसून पाय पाण्यात सोडले. शेजारी एक बाई बसली होती. तिनं पाय बुडवला आणि लगेच वर घेतला.

"तुम्हाला कसं हो सोसतं?" तिनं विचारलं.

"सवय लागते," मी म्हटलं. मला उगीच अभिमान वाटला. तासभर तरी बसले असेन.

संध्याकाळी अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर फोड आले होते. दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यावर चप्पल घालून मी दुकान उघडलं. फोड फुटले, खाली ओलं राहिलं, वास यायला लागला. तरी दुखत नव्हतं. जे दुखत नाही त्यासाठी सुट्टी कोण घेतं? गिऱ्हाइकांचे गणवेश द्यायचे होते. असे सोळा दिवस गेले.

तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगते. साखर असेल आणि पायाला कमी कळत असेल, तर गरम पाण्यात पाय घालू नका. कुंडात नाही, घरच्या घमेल्यातही नाही. पाण्यात दोष नव्हता. माझ्या पायाला ते पाणी कळलं नाही.

मोठ्या रुग्णालयात दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉपलर म्हणून एक असते. पायावर थंड चिकट काहीतरी लावून त्यावरून यंत्र फिरवतात आणि आतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. माझ्या पायातून तो आवाज येत होता, झाडाच्या शेंड्यात वारा शिरावा तसा. डॉक्टर म्हणाले, रक्तपुरवठा ठीक आहे, म्हणून पाय वाचेल. मला पाय जाऊ शकतो हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

ऑपरेशनचं नाव रे अँप्युटेशन. बोट आणि त्या बोटामागचं तळव्यातलं हाडही थोडं काढतात, कारण नुसतं बोट काढून विष मागे राहू शकतं. त्यासाठी संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही हवी होती. सिस्टर दोनदा विचारून गेली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी दत्तारामला फोन लावला. वाडीत रेंज एकाच दरडीवर येते. तो तिथे संध्याकाळी गुरं वळवताना पोचला तेव्हा फोन लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो उतरला. कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला आणि माझ्या पायाकडे न बघता म्हणाला, "आक्के, आदी का नाय सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

"आलो असतो."

त्याला कागद वाचून दाखवला. त्यानं सावकाश पूर्ण नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहिलं. मग बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"म्हशी हायत गो. एक व्यायला झालीय. सुरेखा एकटी हाय घरात."

"जा तू," मी म्हटलं. "इथं सिस्टर आहेत."

तो गेला. मी त्याला दोष देत नाही. म्हैस माणसाची वाट बघत थांबत नाही. पण तो दारातून वळला तेव्हा हाक मारावी असं फार वाटलं होतं, ते खरं आहे.

शेजारच्या कॉटवर तुडीलच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, कमरेचं हाड मोडलेल्या. त्यांच्या तीन सुना पाळीपाळीनं यायच्या. तांदळाची भाकरी, सुकट, कधी वालाचं बिरडं. डबा उघडला की सगळा वॉर्ड वास घ्यायचा. त्या मला अर्धी भाकरी द्यायच्या आणि विचारायच्या, "तुजं कोण येनार हाय गो?"

"येतील," मी सांगायची. चार दिवस सांगितलं. पाचव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं आणि भाकरी अख्खी द्यायला लागल्या.

ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन झालं. मला सगळं ऐकू येत होतं. हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टर आणि सिस्टर हळू आवाजात बोलत होते. अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्यांचा वण होता. मालक गेल्यावर जोडवी काढली, पण वीस वर्षं घातल्यानं बोटाला कायमची खाच पडली होती. आंघोळ करताना कधी हात तिथं गेला की मी थांबायची. पडद्याकडे बघत पडले असताना मला ती खाच आठवली आणि रडू आलं. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "दुखतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. पाय टेकायचा नाही असं बजावलं होतं. याला ऑफलोडिंग म्हणतात. जखमेवर अंगाचा भार पडू द्यायचा नाही, नाहीतर ती भरत नाही. न दुखणाऱ्या माणसाला हे सगळ्यात अवघड, कारण पाय टेकला तरी काही होत नाही. दुखणं असतं तर त्यानंच मला बसवून ठेवलं असतं. मला स्वतःला सारखं सांगावं लागायचं, "सुनंदा, पाय वर."

दोन महिने मी वॉकर घेऊन एका पायावर उड्या मारत त्या खोलीत फिरले. शेगडी खाली ठेवून, स्टुलावर बसून स्वयंपाक केला. बहुतेक दिवस खिचडीच. पाणी आणून द्यायला समोरची शेजारीण यायची. हंडा ठेवून "बरं आहे ना?" विचारायची आणि उत्तराआधी वळायची. तिलाही तिचं घर होतं. एक दिवसाआड ड्रेसिंगला रिक्षानं जायचं. बाकीचा दिवस भिंतीकडे बघायचा.

गिऱ्हाइकं आली ती कापड परत न्यायला. लग्नसराई होती, थांबणार कोण? मी बसल्या जागेवरून सांगायची, त्या फळीवर, निळ्या पिशवीत. त्या संकोचून घ्यायच्या आणि "काळजी घ्या" म्हणून जायच्या. महिनाभरात फळ्या रिकाम्या झाल्या. मशीनवर मी चादर टाकली, कारण सारखी नजर तिकडे जायची. कधीकधी संध्याकाळ झाल्यावर लक्षात यायचं, की सकाळपासून मी एक शब्दही बोललेली नाही. मग मी मोठ्यानं काहीतरी बोलून बघायची. आवाज घोगरा यायचा.

जखम भरली. डॉक्टरांनी शेवटची पट्टी काढली आणि म्हणाले, "आता खरं काम सुरू. यापुढे एक पाऊलसुद्धा अनवाणी टाकायचं नाही. घरातही नाही. आणि आधीची चप्पल चालणार नाही."

ते कळायला डॉक्टरांची गरज नव्हती. अंगठ्यात अडकवायची चप्पल होती, अंगठा नव्हता. पुढे नुसता पट्टा असलेली सपात घातली तर तीन पावलांत पाय पुढे सरकून बाहेर यायचा. अंगठा नसल्यावर पाऊल आतल्या बाजूला कलतं आणि सगळा भार उरलेल्या बोटांच्या मुळाशी येतो. तिथं पुन्हा जखम झाली की पुन्हा ऑपरेशन, आणि या खेपेला आणखी वर.

बाजारात गेले. उजवा पाय सुजून मोठा झाला होता, डावा होता तसाच. चपलांच्या दुकानदाराला म्हटलं, उजव्या पायाला दोन नंबर मोठी द्या.

"ताई, तसं कसं देऊ? उरलेला एकेक पाय मी कुणाला विकू?"

त्याचंही खरं होतं. शेवटी पुरुषांचे मोठे सँडल घेतले, डाव्यात कापूस कोंबला. चार दिवसांत उजव्या तळव्यावर लाल चट्टा उठला. ते मला दिसलं ते आरशामुळे. दुकानात ब्लाउज घालून बघायला ठेवलेला हातआरसा होता. तो जमिनीवर ठेवून मी रोज सकाळ-संध्याकाळ तळवा बघायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. मी आरशाला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, एमसीआर चप्पल घ्या. मायक्रोसेल्युलर रबर, बारीक छिद्रांचं मऊ रबर असतं, भार पसरून घेतं. तशी चप्पल बाहेरगावच्या मोठ्या रुग्णालयात मापानं करून मिळते, पण तीनदा तरी जावं लागतं. एकटीनं, अशा पायानं, मला ते जमेना. मग मला पोलादपूरच्या स्टँडजवळ बसणारे गंगारामदादा आठवले. आमच्या वाडीच्या चपला पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात शिवलेल्या. त्यांचं वय झालंय, पण अजून ताडपत्रीखाली बसतात.

एसटीनं गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मांडीवर फडकं पसरलं.

"दाव पाय."

मला लाज वाटली. रस्त्यात माणसं ये-जा करत होती. ऑपरेशनपासून दवाखान्याबाहेरच्या कुणी तो पाय बघितला नव्हता. दादांनी तो फडक्यावर घेतला आणि जिथं बोटं नव्हती तिथून हात फिरवला, कातड्याची जाडी बघतात तसा. त्यांचा हात मला दिसत होता, लागत नव्हता.

"खिळा एक नाय मारनार," ते म्हणाले. "वर आला तर तुला कळायचा नाय. चिकटवीन आन् शिवीन. पन असला पाय मी कदी केला नाय गो. चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं. "मी पण शिवणारी आहे. दोघं मिळून करू."

एमसीआरचा तुकडा डॉक्टरांच्या ओळखीनं मागवला. कागदावर पायाचा नमुना मी काढला, ब्लाउजचा काढतात तसाच. माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळच्या मापाची चप्पल संध्याकाळी घट्ट होते. गेलेल्या बोटांच्या जागी भर घालावी लागते, तिला टो फिलर म्हणतात. ती नसेल तर पाऊल पुढे घसरत राहतं. दादांनी ती कडक रबरातून कोरली. वरचे पट्टे मी शिवले, तीन पुढे आणि एक टाचेमागे, सगळ्यांना वेल्क्रो, म्हणजे सूज वाढेल तसं सैल करता येतं.

पहिली चप्पल चुकली. दादा म्हणालेच होते. अर्धा तास घालून काढली तर ऑपरेशनच्या वणावर लाली होती. तासाभरानंतरही गेली नाही. दुसऱ्या दिवशी बारीक फोड. डॉक्टर रागावले, पुन्हा पंधरा दिवस घरात बसवलं. त्या पंधरा दिवसांत मी हाय खाल्ली. बरं होण्याची आशा लागल्यावर पुन्हा त्याच भिंतीकडे बघणं पहिल्यापेक्षा जड गेलं. एकदा फोन घेऊन दत्तारामचा नंबर काढला, पण काय सांगायचं ते सुचेना, म्हणून ठेवून दिला.

मग त्या चपलेकडे शिवणारीच्या नजरेनं बघायला लागले. दोन चुका होत्या. भर कडक होती, आणि पट्ट्यांची शिवण आतून आली होती. बाळाचं झबलं शिवताना आम्ही शिवण बाहेरच्या बाजूला घेतो, म्हणजे कोवळ्या अंगाला घासत नाही. माझ्या पायाला तसंच हवं होतं. सगळे पट्टे उसवून मी शिवण बाहेर घेतली, आतून मऊ सुती अस्तर लावलं. भर मऊ फोमची केली आणि वणापासून बोटभर दूर ठेवली. दादांनी खालचा तळ पुढच्या बाजूला थोडा उचलून दिला, होडीच्या नाकासारखा. त्यामुळे पाऊल उचलताना पुढच्या भागावर जोर न येता ते आपोआप पुढे लवंडतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्याला रॉकर सोल म्हणतात. दादांना ते नाव ठाऊक नव्हतं. भार कुठं येतो ते त्यांनी माझी चाल बघून ओळखलं होतं.

ही चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, अशी वाढवत नेली. प्रत्येक वेळी काढल्यावर आरसा. तिसऱ्या आठवड्यात मी पोलादपूरच्या स्टँडवर उतरून दादांपर्यंत आधाराशिवाय चालत गेले. त्यांनी मान वर करून माझ्या पायांकडे बघितलं.

"बसली," ते म्हणाले आणि हातातल्या कामाकडे वळले. मला तेवढं पुष्कळ झालं.

मशीनला मोटर बसवून घेतली, तिचं पेडल डाव्या पायानं दाबते. दुकान पुन्हा उघडलं. एक सवय मात्र लावून घ्यावी लागली. चप्पल घालण्याआधी दर वेळी आत हात घालून चाचपायचं. एकदा ती चुकवली. दुपारी काढताना बघितलं तर तळाच्या रबरात टाचणी रुतली होती, टोक वर. नशिबानं भरेखाली होती. शिवणकामाचं दुकान म्हणजे टाचण्यांचं घर. तेव्हापासून रोज झाडल्यावर लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवते. तुमच्या घरात टाचण्या नसतील, पण खडा, काच, शेंगेचं टरफल असेल. हात घालून बघत जा.

इथं गोष्ट संपली असं मला वाटलं होतं.

मे महिन्यात दत्तारामकडे सत्यनारायणाची पूजा होती. मुंबईची माणसं त्या दिवसांत वाडीवर येतात. जीप रस्ता संपतो तिथपर्यंत जाते, पुढे पाखाडीच्या दगडी पायऱ्या. मी हळूहळू चढले. चप्पल कुठंही सरकली नाही. मला आनंद झाला होता. घराच्या पायरीशी पोचले आणि थांबले. पडवीखाली तीसेक जोड काढून ठेवलेले होते.

मला माझा जोड काढता येत नव्हता. आत शेणानं सारवलेली जमीन, देवापुढे चौरंग. चपला घालून आत जाणं माझं मलाच होईना. मी पडवीच्या कडेला टेकले. मुंबईहून आलेली वाडीतली एक सून मला ओळखत नव्हती. ती अगदी नीट बोलली, "मावशी, चप्पल काढून आत या ना, पूजा सुरू झाली."

"मी इथंच बरी आहे," मी म्हटलं.

आत आरती झाली. मी बाहेरून टाळ्या वाजवल्या. सुरेखा प्रसाद घेऊन आली, माझ्या चपलांकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिला आतून हाक आली. पानं वाढायची घाई चालली होती. कुणी मला वाईट वागवलं नाही. पण ज्या घरात मी रांगले, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पाहुण्यांच्या चपलांशेजारी बसले होते. मी कुणाला न सांगता उतरले आणि शेवटच्या जीपनं निघाले. दवाखान्यातही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी सुरेखाचा फोन आला. दरडीवरून बोलत होती, वारा ऐकू येत होता. "वन्सं, तुमी जेवला नाय," एवढंच म्हणाली.

"भूक नव्हती गो."

फोन ठेवल्यावर मी कापड काढलं. दादांकडून एमसीआरचा उरलेला तुकडा आणला होता. त्यावर जुन्या सुती लुगड्याचे पदर एकावर एक ठेवून गोधडीसारखे टाके घातले आणि बंद पुढ्याचा जोड शिवला. मोज्यासारखा मऊ, आत तीच भर, वर वेल्क्रो. घरात घालायचा. तो बाहेर कुठंही टेकवायचा नाही, असं ठरवून पिशवीत ठेवला.

पाऊस सरला, भातं कापून झाली, तेव्हा कसलंही कार्य नसताना मी वाडीवर गेले. दत्ताराम गुरांमागे गेला होता. सुरेखा पडवीत सूप घेऊन बसली होती. मी पायरीवर बसून बाहेरची चप्पल सोडली आणि पिशवीतून नवा जोड काढला. तिनं सूप खाली ठेवलं. जोड हातात घेतला, उलटा करून तळ बघितला, आत हात घातला.

"नवीन हायत?"

"जमिनीला टेकलेल्या नाहीत अजून."

"आन् आत काय हाय हे, पुढं?"

"माझी बोटं," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. माझा उघडा पाय तिनं कधी पाहिला नव्हता, दत्तारामनं 'बोट काढलं' एवढंच सांगितलं होतं. मी पाय तिच्यापुढे केला. ती बराच वेळ बघत होती. मग तिनं स्वतः माझ्या पायात जोड चढवला, पट्टे लावले, जास्त आवळले गेले तसे सैल केले.

"तवा घर मानसांनी भरला होता, म्हनून बोलले नाय मी," ती म्हणाली. "मंग तीन दिस जीवाला लागून राहिला. चला आत."

"चुलीपर्यंत?"

"चुलीपर्यंत. माझा घर हाय, मी सारवते."

मी आत गेले. तिनं भाकऱ्या थापायला घेतल्या. मी पाट ओढून सवयीनं चुलीजवळ सरकले, तर तिनं हातातलं पीठ तसंच ठेवून पाट मागे ओढला.

"लांब बसा, वन्सं. आच लागंल, तुमाला कळायची नाय."

त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. साखरेच्या माणसानं खाऊ नयेत, हे लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी निघताना मी तो जोड पिशवीत भरत होते. सुरेखानं तो काढून घेतला.

"नेता कशाला? परत नाय काय येनार?"

माजघरात भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर तिची ठेवणीतली लुगडी असतात. ती थोडी बाजूला सारून तिनं माझा जोड तिथं ठेवला आणि उंदीर शिरू नयेत म्हणून वर फडकं घातलं. दत्ताराम मला जीपपर्यंत सोडायला आला. पाखाडी उतरताना तो माझ्या पुढे एक पायरी चालत होता, मागे न बघता, पण मी थांबले की थांबत होता.

महाडला पोचले, कुलूप काढलं. खोली होती तशीच होती, बोलायला कुणी नव्हतं. हात-पाय धुऊन आरशात तळवा बघितला, ठीक होता. मग दिवा लावला, कापड काढलं आणि इथल्या घरासाठी दुसरा जोड बेतायला घेतला.